धरून ठेवणारी ओळ

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कॉलेजात असताना अनेकदा सुरू केली आणि दर वेळी बारगळली, पण आता नोकरदार बाई झाले म्हटल्यावर काहीतरी शिस्त हवी.

खोली छान आहे. दुसरा मजला, एक खिडकी, खिडकीखाली टेबल. टेबलाचा एक पाय आखूड आहे म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सारली आहे. घरमालकीण खालीच राहते. किल्ली देताना तिने अटी सांगितल्या: नळ नीट बंद करायचा, जिन्यात चपला ठेवायच्या नाहीत, आणि लग्न ठरलं तर महिनाभर आधी कळवायचं. शेवटची अट ऐकून मला हसू आलं. तिला नाही आलं.

ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर. आमची कंपनी दारं बनवते, म्हणजे दारातला शहाणपणा बनवते. दारावर कॅमेरा असतो, तो चेहरा ओळखतो आणि ओळखीचा असेल तर दार उघडतं. इस्पितळं, शाळा, मोठ्या कचेऱ्या, सगळीकडे आमची दारं आहेत. ऑफिसचं स्वतःचं काचेचं दारही त्यातलंच. सकाळी टेस्टरने माझा चेहरा नोंदवून घेतला. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, आता हस, एवढं नको, दाराला वाटेल ओळख वाढवतेय. त्याला सगळे खडूस म्हणतात, कारण कुणाच्याही कामात चूक काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. त्याला ते नाव आवडतं. माझं नाव विचारल्यावर त्याने ते लगेच बाजूला ठेवलं आणि मला ‘नवं व्हर्जन’ करून टाकलं.

मॅडम आमच्या प्रमुख. बोलणं थोडं, नजर चौफेर. आणि काका. मी ज्या कोडवर काम करणार तो सगळा त्यांनी लिहिलेला आहे. मी वाकून नमस्कार करायला गेले तर ते म्हणाले, पोरी, इथे कोडच्या पाया पडायची पद्धत आहे, माणसांच्या नाही.

आत फोनला रेंज नाही. आईशी बोलायला दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये जावं लागतं. आज बऱ्याच वेळा गेले. आई दर वेळी विचारते, दार उघडताना काही बोलतं का गं? आमच्या घरातली पहिली पदवी माझी, त्यामुळे गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं असणार की पोरगी बोलणाऱ्या दाराच्या ऑफिसात लागली.

५ मार्च, बुधवार

बाबांना आज फोनवर काम समजावून सांगितलं. दाराच्या प्रोग्रॅमचा वरचा भाग एका सोप्या भाषेत आहे. आतला, झटपट चालावा लागतो तो भाग जुन्या, अवघड भाषेत. त्या आतल्या भागाला एक्स्टेंशन म्हणतात. आता सोप्या भाषेचं नवं व्हर्जन आलं आहे आणि जुन्याकडे कुणी बघणार नाही, म्हणून एक्स्टेंशन नव्याशी जुळेल असं करून घ्यायचं. बाबा म्हणाले, म्हणजे मालकाने कड्या बदलल्या म्हणून भाडेकरूने सगळी कुलपं बदलायची. मी म्हटलं, अगदी तसंच. मागून आई म्हणाली, मग तो मालक काही शहाणा नाही.

खरी गंमत मी त्यांना सांगितली नाही, इथे लिहिते. या भाषेत प्रत्येक वस्तूपाशी एक आकडा असतो: ती किती जणांनी धरून ठेवली आहे त्याचा. कुणी धरली की एक वाढतो, सोडली की एक कमी होतो. शून्य झाला की भाषा ती वस्तू पुसून टाकते आणि तिची जागा दुसऱ्या कामाला देते. सोप्या भाषेत हे आपोआप होतं. एक्स्टेंशनमध्ये मात्र हाताने लिहावं लागतं, इथे धर, इथे सोड. धरून सोडायचं राहिलं तर वस्तू उगाच अडकून बसते, त्याला गळती म्हणतात. आणि न धरताच सोडलं, तर वस्तू वापरात असतानाच पुसली जाते. दुसरा प्रकार फार वाईट.

खडूस म्हणाला, नव्या व्हर्जनमध्ये काही वस्तू अमर केल्या आहेत, त्यांचा आकडा हलतच नाही. अमर कोण, तर ‘काही नाही’ दाखवणारी वस्तू. बघ, म्हणाला, माणूस नाही, देव नाही, अमर झालं ते ‘काही नाही’. आणि हसत सिगारेट ओढायला बाहेर गेला. तो तासातासाला जातो. एकटाच राहतो, भाऊबंद कुणी नाहीत. सुट्टीच्या दिवशीही ऑफिसात येतो कारण, त्याच्या शब्दांत, घरात चुका काढायला कुणी नाही.

१० मार्च, सोमवार

काम झपाट्याने चाललं आहे. काढून टाकलेली फंक्शन्स बदलली, अक्षरं साठवायची पद्धत बदलली. परवापर्यंत नुसत्या चुकांचा पाऊस होता, आज पहिल्यांदा सगळं एका दमात बांधलं गेलं, म्हणजे कोड चालायला तयार झाला. मी टाळी वाजवली. काकांनी मान वर केली नाही.

मग गळती तपासायचं साधन लावलं, आणि त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. दार कुणालाही ओळखताना आत नोंदवलेला प्रत्येक चेहरा एकदा हाताळून बघतं. तिथे काकांनी प्रत्येक चेहऱ्याला एक जादा धरून ठेवलं आहे, आणि ते सोडणारी ओळ सगळ्या फाइलमध्ये कुठेच नाही. सरळ सरळ गळती. वर काकांची टीप आहे:

‘ही ओळ काढू नये. कारण विचारू नये. मलाही आता आठवत नाही.’

मी मोठ्याने हसले. मग काकांकडे गेले. मी जवळ जाताच त्यांनी पडद्यावरची खिडकी बंद केली. विचारलं तर म्हणाले, राहू दे ती. का, तर राहू दे. गळती आहे हो काका, म्हटलं. ते म्हणाले, असू दे, एवढ्या वर्षांत बुडालो नाही.

मनात पाल चुकचुकली. स्वतःच्या कोडबद्दल माणूस एवढं का लपवेल?

१२ मार्च, बुधवार

ओळ काढली. मॅडमना विचारून काढली. त्या म्हणाल्या, ज्याचं कारण सांगता येत नाही ते आपल्या कोडमध्ये राहणार नाही. मला हे वाक्य फार आवडलं.

काका संतापले. सगळ्यांसमोर म्हणाले, काल आलेली पोर, दोन्ही टोकं न बघताच दोरी कापते. मी म्हटलं, फाइलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचलंय. ते म्हणाले, फाइल म्हणजे दोरी नव्हे. हे असं कोड्यात बोलणं! मला खरं सांगायचं तर कळलंय यात काय आहे. नवं व्हर्जन नीट चाललं की जुन्या कोडचा एकमेव जाणकार म्हणून काकांची जी जागा आहे ती जाणार. म्हणून काम मुद्दाम अडवायचं. कुठेतरी पाणी मुरतंय.

शुक्रवारी नवीन कोड आमच्याच दारावर चढणार. ही इथली पद्धत, आपलं औषध आधी आपण प्यायचं. मग सत्तावीस तारखेच्या गुरुवारनंतर गिऱ्हाइकांच्या दारांवर.

१७ मार्च, सोमवार

आज वाईट झालं.

दुपारी खडूस सिगारेट ओढून आला आणि दार उघडेना. तो काचेबाहेर उभा, कॅमेऱ्याला वाकुल्या दाखवतोय, आत कुणी उठेना. शेवटी मी उघडलं. तो नेहमीसारखा आत शिरून म्हणाला, नव्या व्हर्जनचा पहिला बग, बक्षीस म्हणून चहा पाज. तेवढ्यात मॅडम समोर आल्या आणि अगदी सौम्यपणे विचारलं की आपण कुणाकडे आलात.

तो हसला. मॅडम नाही हसल्या. परत विचारलं. मग खालच्या रखवालदाराला बोलावलं.

काका बघत होते. नुसते बघत होते, अनोळखी माणसाकडे बघावं तसे. जाताना खडूस माझ्याकडे वळून म्हणाला, अगं नवं व्हर्जन, सांग ना यांना. मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, तुमचे परिचित असतील तर कृपया बाहेर भेटा.

असं काढतात माणसाला? तोंडावर ओळख नाकारून? काहीतरी वरून ठरलं असणार, आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं असणार. मी प्रोबेशनवर आहे. आज त्याला, उद्या मला.

१८ मार्च, मंगळवार

त्याच्या जागेवर प्रिंटर ठेवला आहे. त्याने नोंदवलेल्या चुका सगळ्या आहेत, पण नोंदवणाऱ्याची जागा कोरी. मॅडम म्हणतात, आपल्याकडे टेस्टर कधी नव्हताच, असायला हवा होता.

संध्याकाळी तो कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीजवळ उभा होता. अंगावर कालचेच कपडे. टपरीवाला त्याला रोज न सांगता कमी साखरेचा द्यायचा, आज विचारत होता साखर किती. त्याच्या खोलीचा मालक म्हणाला म्हणे, ही खोली तर रिकामी आहे. मला वाटलं प्यायलाय. वास येत नव्हता. निघताना म्हणाला, ओळखणारी तू एकटी उरलीस बाई, तेव्हा सांभाळून, सर्दी-पडसंसुद्धा होऊ देऊ नकोस. विनोद होता. मीही हसले. उद्या इथेच भेटते म्हणून सांगितलं.

१९ मार्च, बुधवार

दिवसभर पाहुणे. कुठल्याशा इस्पितळाची माणसं दार बघायला आली होती. उघड, मीट, उघड, मीट. एकेकाला हौस. मीच दाखवत होते. मॅडमनी पहिल्यांदा पाठ थोपटली.

संध्याकाळी कोपऱ्यावर कुणालातरी भेटायचं होतं असं वाटत राहिलं. टपरीशी थांबले, चहा घेतला, परत आले. डोकं दमलंय.

२२ मार्च, शनिवार

घरी फोन केला. धाकट्याने उचलला. म्हणाला कोण पाहिजे. मी म्हटलं तुझं डोकं फिरलंय का रे, ताई बोलतेय. तो म्हणाला, राँग नंबर, आणि ठेवला. मस्करी करायची ही कुठली तऱ्हा! परत लावला तर आईने घेतला. आधी कोण म्हणून विचारलं. मग एकदम म्हणाली, अगं तूच का, आवाज ओळखूच आला नाही बघ. जेवलीस का वगैरे विचारलं. पण मधूनच मला विचारलं की तू शिकत होतीस ना, की नोकरी करतेस?

आई हे विसरेल? ज्या बाईने माझा निकाल शेजारणींना पाठ करून ऐकवला?

२४ मार्च, सोमवार

आज रोजनिशी पहिल्यापासून वाचली. त्यात कुणी खडूस आहे.

पानंच्या पानं. तो असा म्हणाला, तो तसा म्हणाला. मला या नावाचा माणूस माहीत नाही. माझा चेहरा त्याने नोंदवला असं लिहिलंय. चेहरा कुणी नोंदवला ते मला आठवत नाही, आणि समोर कुणी माणूस होता असंही आठवत नाही. अक्षर माझंच. ‘ळ’ची शेपटी माझीच. कुणीतरी हुबेहूब काढलंय.

घरमालकिणीकडे दुसरी किल्ली असते. खाली जाऊन विचारलं. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, तुम्ही वरच्या खोलीत कधीपासून?

वर येऊन दाराला आतून टेबल लावलं. सतरा तारखेचं पान परत वाचलं. दार उघडेना. कुणाकडे आलात. अठराचं. टपरीवाला साखर विचारत होता. तू एकटी उरलीस.

हे कुणी खोटं लिहिलं असेल तर त्याला माझी भीती माझ्याआधी माहीत आहे. आणि खरं असेल तर—

खरं असेल तर त्याला मी धरलं होतं. शेवटचा हात माझा होता. आणि मी पाहुण्यांना दार दाखवत होते.

२५ मार्च, मंगळवार

काकांपुढे वही ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. म्हणाले, हा माणूस मलाही आठवत नाही, पण तू लिहिलंयस तर असणार. मला वाटलं कीव करतायत. मग त्यांनी सांगितलं.

धरणारी ओळ आमच्या फाइलमध्ये होती. सोडणारी तिकडे आहे, कॅमेऱ्याबरोबर आलेल्या बंद कोडमध्ये, जो आजवर कुणी उघडून पाहिला नाही. तिकडचा कोड प्रत्येक चेहरा बघून झाला की सोडतो. धरलेलं असो वा नसो. त्यांची ओळ गळती नव्हतीच. ती भरपाई होती. आता दार उघडलं की आत नोंदवलेल्या प्रत्येकाचा एक हात सुटतो.

मी म्हटलं, पण तो मेमरीतला चेहरा, माणूस नव्हे. काका म्हणाले, मीही असंच म्हणालो असणार. माझ्या घरात दाराशी बायकांच्या चपलांचा एक जोड आहे पोरी. पुसून ठेवतो. कुणाचा ते माहीत नाही. ओळ घातली तेव्हा माहीत असणार.

मला अजूनही वाटत होतं की म्हातारा ओळ परत आणायला गोष्ट रचतोय. इतकी मी— इतकी मी हुशार.

मग विचारलं, तुमचं काही होत नाही ते कसं? मॅडमचं? ते म्हणाले, आम्ही जुने, गोतावळा मोठा, हजार ठिकाणी धरलेले. तू इथे नवी. तुला कोण धरून आहे?

मी म्हटलं, आई.

ते म्हणाले, आई एकटी शंभर हातांनी धरते. पण शंभरच.

आणि मी पॅसेजमध्ये जात होते. रोज, पुन्हा पुन्हा. आईशी बोलायला. दार उघडत, मिटत—

मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, गुरुवारी अकराला इस्पितळवाले आणि शाळावाले, पन्नासेक माणसं, सगळ्यांना दार चालवून बघायचंय, मग त्यांच्याकडे चढवायचं. त्याआधी एक अक्षर बदलणार नाही. आणि मला म्हणाल्या की— मला विचारलं की तुम्ही कुठल्या विभागातून आलात.

काका म्हणाले, मी बघतो. कोड परत बांधून, तपासून, गुरुवारी अकराच्या आत चढवतो, नोकरी गेली तरी. गेलेला हात परत येणार नाही. उरलेला राहील. एकही उरला तर तू राहशील. तू घरी जा. आईसमोर बस. तिला दुसरीकडे बघू देऊ नकोस.

शाळा आहेत गुरुवारनंतर. लहान मुलं दिवसभर आत-बाहेर. मी काढली ती ओळ. मी.

२६ मार्च, बुधवार

ऑफिसातलं सामान न्यायला गेले. दार उघडलं नाही. आतून कुणी वर बघितलं नाही.

स्टँडवरून काकांना फोन. कोण बोलतंय म्हणाले. मी सांगितलं. ते म्हणाले, माफ करा, तुम्ही कोण ते कळत नाही. पण मी एका ओळीवर काम करतोय, हातावर लिहून ठेवलंय की अकराच्या आत. कुणासाठी ते लिहिलेलं नाही. तुमच्यासाठी का?

हो म्हटलं. ते म्हणाले, मग करतो.

बसमध्ये कंडक्टरने तिकीट दिलं आणि पुढच्या वळणावर परत मागायला आला.

२७ मार्च, गुरुवार

घरी. समोरच्या पायरीवर बसून लिहितेय.

दार धाकट्याने उघडलं. काही विकायला आलात का म्हणाला. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि ते परत पेपर वाचायला लागले. आई बाहेर आली. पाणी दिलं. म्हणाली, उन्हातून आलात, बसा घटकाभर.

बसा. आईने मला अहो-जाहो केलं.

मी सांगितलं. सगळं नाही, तिला घाबरवायचं नव्हतं. तिच्या कोपराखाली इस्त्रीचा डाग आहे तो कसा पडला ते सांगितलं. रडणाऱ्या लेकराला ती काय गुणगुणते ते सांगितलं. तिने पदराने कोपर झाकलं. डोळ्यांत संशय. तुम्हाला हे कुणी सांगितलं? कुणाकडून चौकशा करून आलात? महिनाभर सगळ्यांवर संशय घेतला मी. आता आई माझ्यावर—

पण आत निघून गेली नाही. निघा म्हणाली नाही. उंबऱ्यात बसून शेंगा सोलतेय आणि मधून मधून माझ्याकडे बघतेय. बघतेय. म्हणजे अजून आहे एखादा. बघत राहा, आई.

मघाशी म्हणाली, मला मुलगी हवी होती हो. असती तर खूप शिकवली असती.

अकरा वाजत आले. तिकडे माणसं जमली असतील. काकांचं झालं असेल का— फोन लागत नाही— लागतो, पण पलीकडे नुसता श्वास—

आई उठली. भिंतीवरच्या फोटोपाशी गेली. पदवीच्या दिवशीचा. आई, बाबा, धाकटा, नवे कपडे. मध्ये एका माणसाची जागा. आईचा हात हवेत, कुणाच्या खांद्यावर असावा तसा. ती म्हणते, फोटोवाला तरी कसला येडपट, मध्ये एवढी जागा कशाला ठेवली. स्टूल ओढलंय. काढून टाकते म्हणते, धूळ धरतो नुसता.

मी ओरडले. राहू दे. राहू दे ना गं.

ती स्टुलावर उभी. फ्रेमला एक हात लावलेला. वळून बघतेय. राग नाही. खरंच विचारतेय. म्हणते, ठेवते की, पण कुणासाठी?

सांगते. आई, मी—